कायोंडो साहेबांचा व्हिडिओ

कायोंडो साहेबांनी तो फोन हातात घेतला नाही. नालोंगोने तो नुकताच पोलक्यातून बाहेर काढला होता. तळहातात मावेल एवढासा, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. पिशवी घामाने ओली होती आणि तिला माशाचे खवले चिकटले होते. रुमाल नाकाशी धरून साहेब मागे सरकले.

"घ्या की, चावत नाही तो," नालोंगो म्हणाली.

"दिसतोय लांबून."

जुळी झाल्यापासून सरोवराकाठचा सगळा मासळीचा धक्का तिला नालोंगोच, म्हणजे जुळ्यांची आई, म्हणायचा. तिचं मूळ नाव कुणाला आठवतही नसेल. मासे कापणाऱ्या बायकांच्या रांगेशेजारी तिची पत्र्याची टपरी होती, आणि तिथे ती फक्त छोटे स्मार्टफोन विकायची. फोनची कंपनी आता ते बंद करणार होती. यापुढे सगळे मोठेच. नालोंगोने निरोपांवर निरोप पाठवून कंपालाच्या कचेरीला भंडावून सोडलं, म्हणून कायोंडो साहेबांना इकडे पाठवलं होतं. त्यांनी बघायचं आणि संध्याकाळपर्यंत कळवायचं. ते नाही म्हणाले, की टपरीला कुलूप.

"अहो, इथे मासळीचा भाव फोनवर ठरतो," ती समजावू लागली. "होड्या काठाजवळ आल्या की नाखवा सगळ्यांना एकदमच निरोप टाकतो. फोटोसकट."

"मग मोठ्या पडद्यावर फोटो जास्त चांगला दिसेल."

"दिसेल हो. पण तो ठेवायचा कुठं? डोक्यावर?"

शेजारच्या बायका खिदळल्या. साहेबांना ते हसूही ओशट वाटलं.

"हे बघा बाई, तुम्ही विकणाऱ्या, तुम्ही असंच बोलणार. लोक काय बोलतात ते कंपनीला नको असतं. डोळ्यांना काय दिसतं, ते हवं असतं."

त्यांनी खिशातून आपला फोन काढला. तो खिशाबाहेर अर्धा डोकावतच होता. दोन्ही हातांनी धरून त्यांनी व्हिडिओ सुरू केला आणि रांगेतून चालू लागले. नालोंगो मागोमाग निघाली.

पायाखाली रक्ताचं पाणी होतं. बूट चिकटत होते, सुटताना चपचप आवाज करत होते. गळ्याखाली मांसाची पिशवी लोंबणारे टकले करकोचे आतडी उपसत होते. त्यातल्या एकाने साहेबांकडे पाहून चोच वाजवली. साहेबांना शिसारी आली. ही माणसं इथे बसून जेवतात तरी कशी? खरंच, समोर एक बाई एका हाताने चपातीत गुंडाळलेलं अंडं खात होती आणि दुसऱ्या हाताने माश्या वारत होती.

"अहो रुमालवाले!" मासे कापणारी नामुकासा ओरडली. तिचे हात कोपरापर्यंत एका मोठ्या माशाच्या पोटात होते. "नाक झाकलंत, तोंड मिटलंत, श्वास कुठून घेताय?"

पुन्हा हशा. साहेबांनी तिच्या हातांवर कॅमेरा नेला. हातात सुरा होता. शेजारणीच्या हातात मिठाचं टोपलं. पुढे पाठीला तान्हं बांधलेली एक बाई जाळीवर मासे उलटत होती. त्यापुढे मोटारसायकलवाला मुबिरू हेल्मेट घालून गिऱ्हाइकाची वाट बघत होता. दोन्ही हात दांड्यावर.

मग ट्रकजवळ एक हॉटेलवाला दिसला. त्याच्या हातात चांगला रुंद, झळझळीत फोन होता. साहेब खुलले. त्यांनी त्याला मन भरेस्तोवर टिपून घेतलं.

"पाहिलंत?" ते मागे वळून म्हणाले.

"पाहिलं. इथं फोन हातात घेऊन फिरणारा एक तर पाहुणा असतो, नाही तर खुळा. चोरानं हिसकावला नाही, तर पाण्यात पडतो."

साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पुरे झालं होतं त्यांना. या वासातून सुटायचं होतं, बूट धुवायचे होते, जमलं तर फेकूनच द्यायचे होते. रांगेच्या टोकाला जाऊन त्यांनी सगळा धक्का एका नजरेत येईल असा फोन उंच धरला आणि कचेरीतल्या मोठ्या साहेबांसाठी बोलू लागले.

"सर, मी पूर्ण बाजार फिरलो. मोठा फोन आहे, तुम्ही पाहिलाच. छोटा मात्र, तुम्हीच बघा, एकाही हातात..."

टिंग.

नामुकासाच्या छातीपाशी वाजलं. मग शेजारणीच्या पोलक्यात. मीठवालीच्या डोक्याच्या फडक्यात. तान्ह्याला बांधलेल्या कापडाच्या गाठीत वाजलं, तसं ते दचकून रडायला लागलं. मुबिरूच्या हेल्मेटमध्ये, गालाला चिकटून, वाजलं. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज पसरत गेला. करकोचे पंख फडफडवत बाजूला झाले.

"आल्या होड्या!" कुणीतरी ओरडलं.

कुणी फोन काढला नाही. आधी हात धुवायचे होते. बायका बादल्यांकडे धावल्या.

साहेबांचे हात अजून वरच होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. लांबरुंद, स्वच्छ चित्र. मासे, सुरे, टोपल्या, रक्ताने माखलेले रिकामे हात. फोन एकही नाही. आणि आवाज थांबत नव्हता.

नालोंगोचाही फोन वाजला. तिने तो परत पोलक्यात खोचला होता. ती जवळ आली आणि त्या मोठ्या पडद्यात डोकावली.

"छान आलाय," ती म्हणाली. "पाठवा हाच. फक्त तुमच्या मोठ्या साहेबांना सांगा, डोळे मिटून बघा म्हणावं."