जावईबापूंची बाटली

जावईबापू आज पुन्हा रेषेच्या वर गेले.

म्हणजे त्यांचं रक्त. प्रयोगशाळेत रोज सकाळी यंत्रात पहिला मान जावईबापूंच्या बाटलीचा. प्रयोगशाळा चालवणाऱ्या बाईंनी आपल्या जावयाचं रक्त मुद्दाम मागून घेतलं होतं. सडपातळ अंग, रोज पळायला जाणार, चहासुद्धा बिनसाखरेचा. असं निरोगी रक्त नॉर्मलच्या रेषेच्या आत आलं तर यंत्र बरोबर, नाहीतर यंत्रात बिघाड. इतका साधा हिशेब.

आणि आठवडाभर यंत्राचं बिनसलं होतं. मोजायची होती अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे तुकडे. काही लोकांच्या रक्तात साखर वाढायच्या कितीतरी वर्षं आधी यातले काही तुकडे वाढलेले दिसतात. अशा माणसांना मधुमेहाच्या आधी गाठायचं, हा बाईंचा ध्यास. उद्यापासून लोक रक्त द्यायला येणार होते, आणि यंत्र जावईबापूंवरच रुसून बसलेलं.

मेकॅनिकने नळ्या बदलल्या, रसायनं बदलली. यंत्राला शिव्या घालून झाल्या. जावयाला मात्र कुणी नाव ठेवलं नाही. तो तर फोनवर हसत होता. "आई, तुमच्या मशीनलाच डॉक्टरकडे न्या. माझी साखर एकदम नॉर्मल आहे. तुमच्या लेकीने रिपोर्ट फ्रिजवर चिकटवलाय."

"बाई, एक करतो," शेवटी मेकॅनिक म्हणाला. "सगळेच आकडे थोडे खाली ओढतो. जावईबापू आत येतील आणि तुमचं काम सुरू होईल."

बाई थकल्या होत्या. त्या 'हो' म्हणणारच होत्या, पण डोक्यात एक किडा वळवळला. यंत्र बिघडलंय तर ते सगळ्यांशीच वाकडं वागायला हवं. पण जावयाशिवाय दुसऱ्या कुणाचं रक्त घालून पाहिलंच कुठे?

"थांबा," त्या म्हणाल्या आणि बाही वर सरकवली. "मी अजून उपाशीच आहे. आधी माझं रक्त घाला."

बाई चांगल्या गरगरीत. जिना चढताना धाप लागायची, आणि टेबलाच्या खणात कायम बिस्किटं. मेकॅनिकने हसू दाबलं. यंत्र बराच वेळ घरघरलं आणि कागद बाहेर आला. सगळे आकडे रेषेच्या आत. मेकॅनिकही सकाळी काही न खाता धावत आला होता. त्याचंही रक्त घातलं. तेही आत. मग बाईंनी फ्रीझरमधून जावयाची दुसरी बाटली काढली, वेगळ्या दिवशी भरलेली.

ती पहिल्या बाटलीइतकीच वर गेली.

मेकॅनिकने पाना खाली ठेवला. बाई कागदाकडे बघत राहिल्या. साखर नॉर्मल, आणि अमिनो आम्लं चढलेली. असं रक्त सापडावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता. क्षणभर त्यांना आनंद झाला. मग लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. धोका म्हणजे आजार नव्हे, अजून हातात वेळ आहे, हे त्या नेहमी लोकांना समजावत. आज स्वतःला समजावलं आणि फोन लावला.

"काय आई, झालं का मशीन बरं?"

"मशीन ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी उपाशीपोटी या. पहिला मान तुमचाच."