शिवार विकायला काढलंय

"इकली का रं ती कंपनी?"

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढायच्या आधीच मेहरुननं विचारलं. नवाजनं मान वर केली नाही.

"खाला, तुम्ही रोज विचारलं म्हणून ते रोज विकतील का? बोलणी चाललीत."

"बोलणी तर लग्नाची पण चालतात. ठरलं का ते सांग."

त्या कंपनीचे टीव्हीचे चॅनेल होते, सिनेमे होते, पेपर होता. एवढ्या पसाऱ्यात तिला मोबाइलवरच्या खेळांचा विभाग तेवढा जड झाला होता, म्हणून तो विकायला काढला होता. त्या खेळांत एक 'शिवार' होता. नांगरायचं, पेरायचं, बैलांना पाणी दाखवायचं. दोन माणसं दोन गावांत बसून एकच शेत करू शकत. मेहरुनची नात आयरा आणि आयराचा बाप जुनेद यांचं तिथं शेत होतं. जुनेद मस्कतला हॉटेलात स्वयंपाकी. जायच्या आधी त्यानंच ते मांडून दिलं होतं.

"घेणारा हे चालू ठेवंल ना?"

"त्याला क्रिकेटचा गेम पाहिजे, खाला. शेती कुणाला पाहिजे?" नवाज हसला. "आणि एवढं काय? जुनेदभाई व्हिडिओ कॉल करतील की पोरीला."

"तुला अक्कल इचारली का मी? माझ्या फोनात बॅटरी घातली का ते बोल."

"घातली. पण हा डबा आता टाका. नवा घ्या."

"शेंगदाणे पाखडताना गाणी ऐकते मी. गाण्याला नवा फोन लागतो व्हय?"

लोणावळ्याच्या बाजारात मेहरुनचं चिक्कीचं दुकान. समोर काउंटर, मागं शेंगदाण्याच्या पोत्यांची खोली. तिच्या खिडकीची काच फुटलेली, घाटाचा वारा सरळ आत. आयराची आई सुमय्या कुरवंड्याकडच्या रिसॉर्टात कामाला, म्हणून पोर शाळेतून दुकानात यायची. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की मेहरुन सूप घेऊन मागं जायची आणि दार ओढून घ्यायची. टरफलं उडतात म्हणून. आयरा दुकानाचा फोन घेऊन स्टुलावर बसायची आणि बापाची वाट बघायची.

जुनेद शेतावर यायचा. फार लिहायचा नाही. 'जेवली का', 'अभ्यास कर', एवढंच. शनिवार-रविवारी त्याला उशीर व्हायचा.

"हॉटेलात गर्दी असंल," मेहरुन म्हणायची. "आपल्याकडं न्हाई का, मुंबईवाले चिक्कीवर तुटून पडतात?"

"पण दादी, अजान झाली की अब्बा जागचे हलत नाहीत. आंब्याखाली जाऊन बसतात. कितीही हाका मारल्या तरी."

"बापाला दीन-धरम कळतो. तू बी शिक जरा."

आयरानं थोडा वेळ फोन उलटासुलटा केला.

"दादी, मस्कतला आता किती वाजले असतील?"

"आपल्याएवढेच. घड्याळ काय दर गावाला वेगळं असतं?"

आयरा फोनात बघत राहिली.

डिसेंबरात एका दुपारी नवाज स्वतःच दुकानात आला. मेहरुन गरम चिक्की लाटून वड्या पाडत होती.

"झाला सौदा, खाला. 'शिवार' शुक्रवारी बंद."

मेहरुनचा सुरा हातातच राहिला. चिक्की गरम असतानाच कापावी लागते. ती तशीच उभी राहिली आणि पाटावरची चिक्की दगडासारखी झाली. सगळा घाणा फुकट गेला, तरी ती कुणावर ओरडली नाही. त्याचीच नवाजला भीती वाटली.

तो गेल्यावर तिनं कंपनीच्या नंबरावर फोन लावला. तिथली बाई मराठीसाठी दोन दाबा म्हणाली. मेहरुननं दोन दाबलं, तीन दाबलं, सगळं दाबलं. शेवटी एक पोरगा बोलला.

"हे बघ बाबा," ती म्हणाली, "तुमचं टीव्हीचं दळण चालू ठेवा, सिनेमे ठेवा. एक शेत राहू द्या. कुणाच्या पोटावर पाय देतंय ते?"

पोरानं तक्रार नोंदवल्याचं सांगितलं आणि तिचा दिवस चांगला जावो असंही म्हणाला.

"तुझा जाऊ दे," मेहरुन म्हणाली.

रात्रीच्या जेवणाच्या भाकरी थापताना सुमय्या हळूच बोलली, "बरं झालं, अम्मी. मी पहिल्यापासून नको म्हणत होते."

"पोर बापाशी खेळते. तुझं काय जातं?"

"बापाशी." सुमय्यानं भाकरी उलटली. "ज्याला दोन वर्षांत बायकोची आठवण आली नाही, त्याला रोज संध्याकाळी शेत बरं आठवतं."

"हळू बोल. पोर ऐकंल."

शुक्रवारी बाजारात भरपूर गिऱ्हाईक होतं. कार्ल्याच्या देवीचं दर्शन करून आलेली एक बस समोरच थांबली. मेहरुननं त्यांना शेजारच्या दुकानात पाठवलं. जन्मात असं केलं नव्हतं. सूप उचललं आणि मागं गेली. घाईत शाल स्टुलावरच राहिली. दार लागलं.

शिवारात जुनेद आज लवकर आला होता. आंब्याजवळ उभा होता. दोघांनी मिळून सगळा भुईमूग काढला. पुढं पेरायला काही नव्हतं, तरी त्यानं वावर नांगरून ठेवलं. मग त्यानं आजवर लिहिलं नव्हतं एवढं लिहिलं.

'आता हितं येता न्हाई येनार. रडू नको. शिक. मोठी हो. बापाला वाईट समजू नको. त्याला काम लय असतंय.'

आयरानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. बाजारातल्या मशिदीत अजान सुरू झाली. पडद्यावरचा माणूस आंब्याखाली जाऊन बसला. आज आयरानं हाक मारली नाही. अजान संपेपर्यंत ती स्टुलावरच्या शालीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं लिहिलं.

'मस्कतला अजान आपल्यानंतर होते. मागच्या वर्षीच शिकवलंय शाळेत. मागच्या खोलीत खूप गार लागतं. दार उघड दादी, शाल आणते.'