खंबीर वहिनी

अर्धी बाटली सेंट अंगावर ओतून नणंद माझी विचारपूस करायला आली आणि अगदी नाकाशी खुर्ची ओढून बसली. नवरा बाल्कनीत सिगारेट ओढत होता. माझ्या फुप्फुसांचं त्याला फार टेन्शन येतं म्हणे.

"दादा, वहिनी खंबीर आहे हो. इतकी वर्षं नाकात नळी, पण डोळ्यांत टिपूस नाही."

"तिला कशाचं काही वाटतच नाही," धूर सोडत तो म्हणाला.

असल्यांना उत्तर देण्यात मी श्वास वाया घालवत नाही.

दोघं कॉफी प्यायला खाली गेली. मी दार लावून घेतलं आणि ऑक्सिजनच्या मशीनचं बटण दोनवरून चारवर फिरवलं. दोनवर नुसतं जगता येतं. रडायला चार लागतात.