शाळा-शाळा

"बाई, टाचण नव्या नमुन्यात पाहिजे. आजच." केंद्रप्रमुखांनी फोन ठेवला आणि मी वर्गाला पुन्हा तीच ओळ गिरवायला दिली. उद्या काय शिकवणार हे लिहिण्यात आजचं शिकवणं गेलं.

मधल्या सुट्टीतही मी शाळेच्या ओट्यावर बसून तेच खरडत होते. समोर कडुलिंबाखाली पोरं शाळा-शाळा खेळत होती. दुसरीतली मुक्ता खांद्यावर टॉवेलचा पदर टाकून बाई झाली होती. मला हसूच आलं. आता ही माझ्यासारखे हातवारे करत कोल्ह्याची गोष्ट सांगणार, म्हणून मी पेन खाली ठेवलं.

मुक्ता दगडावर बसली, पाटी मांडीवर घेतली आणि मान खाली घालून भराभरा रेघोट्या ओढू लागली. समोरच्या एका पोरीने हात वर केला. "बाई, मला हे जोडाक्षर येईना."

मुक्ताने मान वर केली नाही. "गप बस गं. साहेबांचं होऊ दे आधी."

सगळी पोरं शहाण्यासारखी गप्प बसली. खेळ मोडला असं कुणालाच वाटलं नाही.

मी तिरीमिरीत उठले. खड्ड्यात गेलं ते टाचण, आत्ताच्या आत्ता त्यांच्यात जाऊन बसायचं आणि गोष्ट सांगायची. पायऱ्या उतरत होते तोच फोन वाजला.

"हो साहेब. झालंच, साहेब. लगेच पाठवते."

कडुलिंबाखाली मुक्ताने पाटी कानाला लावली.

"हो साहेब," ती म्हणाली. "झालंच, साहेब."