निजामाच्या टायमाची तबकडी

तातेरावांनी नखानं खरवडलं, तसा लाल रंगाचा पोपडा सुटला आणि खालून ताडाचं हिरवंगार झाड वर आलं. म्हणजे कांताबाई म्हणाल्या तेच खरं. बायकोचं खरं निघणं तातेरावांना नवीन नव्हतं. पण रेल्वेच्या बाबतीत ही पहिलीच खेप.

तातेराव परतूरच्या शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. मीटरगेजची छोटी लायन जाऊन ब्रॉडगेजची मोठी लायन येणार असं ठरलं, तेव्हापासून त्यांना एकच नाद लागला होता. फाटकांवरचे जुने सिग्नल, दिवे, तबकड्या भंगारात जायच्या आत फोटोत उतरवून ठेवायच्या. जिथं जुनं काही उरलं असेल तिथं ते पुन्हा पुन्हा जात. जिथं उरलं नसेल तिथं सायकलवरून खालीही उतरत नसत.

या संग्रहातला हिरा म्हणजे रांजणीजवळच्या फाटकावरची ही तबकडी. रस्त्याकडं तोंड करून उभी, गोल, लाल, खाली रॉकेलचा दिवा. "निजामाच्या टायमाची हाय, गुरुजी," असं गेटमन पुंजारामनं छातीठोक सांगितलं होतं. तातेराव वर्षभर इथं येत होते. कधी सकाळच्या उजेडासाठी, कधी संध्याकाळच्या. शिवाय पुंजारामचा चहा उजेड नसला तरी चांगला असे.

उद्या जालन्यात त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं आणि उद्घाटनाला रेल्वेचे बडे साहेब येणार होते. दारासमोर टांगायला या तबकडीचा फोटो चांगला खिडकीएवढा करून घेतला होता. फोटो मोठा झाला आणि रंगाखालची अंधूक पानं दिसू लागली. तातेरावांना भरून आलं. त्यांनी खाली सुबक अक्षरांत लिहिलं, 'निजामकालीन राजचिन्ह'. कांताबाईंनी पदराला हात पुसत फोटो पाहिला.

"अहो, हे तर वनस्पती तुपाच्या डब्यावरचं झाड."

आता ते झाड समोर होतं आणि झाडाशेजारी पुंजाराम.

"काय आहे हे?"

"डबा हाय, गुरुजी." पुंजारामनं आढेवेढे घेतले नाहीत. "खरी तबकडी तुम्ही यायच्या आधीच काढून नेल्ती."

"वर्षभर माझ्या तोंडावर खोटं बोलत राह्यलास! दोस्त समजत होतो तुला. उद्या साहेबासमोर मी काय तुपाचा डबा दाखवू?"

पुंजारामनं डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

"पहिल्या दिवशी तुम्ही सायकलवर बसूनच इचारलं, जुनं काही हाय का? न्हाई म्हणलो असतो, तर तुम्ही पायडल मारून गेले असते. मंग म्हणलं, हाय, पण रंगवायला काढलीय, पुढल्या आठवड्यात या. तुम्ही गेले अन् बसलो पत्रा कापत."

"पण कशासाठी?"

"इतक्या गाड्या जातात, गुरुजी. हितं कुणी उतरत न्हाई."

तातेरावांचा राग उतरला नाही, पण त्याला पुढं सरकायला वाटही सापडेना. तबकडीचा व्यास त्यांना तोंडपाठ होता. पुंजारामच्या घरी कोण कोण आहे, हे मात्र वर्षभरात विचारायचं राहून गेलं होतं. आत्ता विचारणं बरं दिसलं नसतं.

त्यांनी कॅमेऱ्याची पिशवी सायकलला अडकवली. एक फोटो वगळला म्हणून प्रदर्शन बुडत नाही, अशी मनाची समजूत घातली. हा गेला तर पुढच्या फाटकावरच्या तबकडीचा फोटो दारासमोर लावू. तीही काही कमी देखणी नव्हती. पायडलवर पाय ठेवता ठेवता त्यांनी उगीच, आपलं खात्रीसाठी विचारलं,

"पुढच्या फाटकावरची तरी खरी आहे ना?"

पुंजाराम रुळाकडं बघत राहिला.

"तिथं रखमाजी असतो. लई मागं लागला माझ्या. त्यो बी एकलाच हाय, गुरुजी."