हळदकुंकवाचं बोट

दिगंबरनं लेकीची थकलेली सगळी पोटगी एकदम पुढे केली, तेव्हा शैलानं हात मागेच घेतला. घटस्फोट झाल्यापासून पोरीच्या फीलाही दमडी न देणारा हा माणूस आज एकाएकी कर्ण कसा झाला, हे काही तिच्या पचनी पडेना.

"कुठनं आणलेत?"

"तुला पैशाशी मतलब. धर."

कोर्टाच्या आवारात तमाशा नको म्हणून तिनं पुडकं घेतलं. तिचेही बचत गटाचे हप्ते तुंबले होतेच. पण वरच्या नोटेवर तिची नजर खिळली. नोटेला हळदकुंकवाचं बोट लावलेलं होतं. कर्ज देताना असं बोट लावायची रीत त्यांच्याच गटाच्या अध्यक्षबाईंची. आणि गेल्या शुक्रवारी गटातून कर्ज उचललं होतं ते एकटीनंच, दिगंबरच्या आईनं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. म्हातारीला जामीन राहायला कुणी पुढे येईना, तेव्हा शेवटी शैलानंच सही केली होती.

"आईलाही सोडलं नाहीत तर," ती म्हणाली.

दिगंबर बाजूला सरला. त्याच्यामागून भिंत चाचपत म्हातारीच पुढे आली.

"त्यानं नाही गं, मीच दिलेत. नातीचं देणं डोक्यावर ठेवून मला नव्या डोळ्यांनी काय बघायचंय?"

मग शैलाचा हात शोधत तिनं आवाज खाली आणला. "पण मोजून घे. वाटभर पुडकं त्याच्या खिशात होतं."