तळं नसलेलं गाव

समाजमंदिरात मूल्यमापनाचा पडदा लागला, तशी गोजराबाई दरवर्षीसारखी सगळ्यांत पुढे येऊन बसली. पाण्याचं काम करणारी संस्था गावात आलीच नसती तर हे गाव आज कसं असतं, ते संस्थेचं यंत्र या पडद्यावर दाखवायचं. लोकांचा सहभाग हवा, म्हणून ते गावासमोरच दाखवायचं, हा हट्ट संस्थेच्या मृणालताईंचा.

पडद्यावर संस्थेनं खोदलेलं तळं नव्हतं. रानं भेगाळली होती, बाया टँकरमागे धावत होत्या, निम्म्या घरांना कुलपं होती. मृणालताईंना बरं वाटलं. कामाचा फरक ढळढळीत दिसत होता. तेवढ्यात डोक्यावर हंडा घेतलेली, उन्हानं रापलेली एक मुलगी पडद्यावरून गेली.

"उंच झाली," गोजराबाई पुटपुटली.

तिची लेक काजल काही वर्षांपूर्वी संस्थेच्या त्याच तळ्यात बुडून गेली होती.

मृणालताईंची मान खाली गेली. काम पुढे चालू ठेवायचं का, हे त्यांनी कसंबसं विचारलं. सगळ्यांचे हात वर झाले. गोजराबाईचाही.

"गोजराबाई, तुम्ही कशाला हात वर केला?"

"संस्था गेली तर पडदाही जाईल ना, ताई," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पोर साडी नेसायला लागेल. तेवढं बघायचंय."